कानाची तालीम



दक्षिण कोरियात दरवर्षी नोव्हेंबर महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी सुमारे ३५ मिनिटे देशातल्या कोणत्याही विमानतळावरून विमान उडत नाही, की तेथे उतरत नाही. जी विमाने आधीच आकाशात असतील त्यांनी ३ किलोमीटरहून अधिक उंचीवर घिरट्या घालीत राहावे, असा हुकूम असतो. संकटात सापडलेले विमान तेवढे वगळतात. विमानतळ बंद पाडायचा म्हणजे काय काय करावे लागते, याची धंद्यामुळे आम्हांला थोडीफार कल्पना आहे. म्हणून ही बातमी प्रथम वाचली तेव्हा कोणत्या युनियनने हे जमविले असावे, असेच आमच्या मनात आले. पण ते काम कोणत्याही युनियनचे नव्हे. त्या दिवशी तेथे विद्यापीठ-प्रवेशाची राष्ट्रीय परीक्षा असते, आणि त्या वेळात इंग्रजी श्रवणाचा भाग चालतो. प्रश्न १७, वेळ २५ मिनिटे. लाखो मुले कान टवकारून बसलेली असतात, आणि त्यांच्या कानांवर विमानाची घरघर पडू नये म्हणून एक आख्खा देश आपली विमाने रोखून धरतो.

त्या ३५ मिनिटांच्या शांततेला किंमत आहे. ती तेथे सरकार मोजते. आपल्याकडे ती कोण मोजतो, हे सांगण्यासाठी आम्ही आज उभे आहोत.

आमच्या युनियनच्या कार्यालयात गेली काही वर्षे संध्याकाळी कामगारांच्या मुलामुलींचा एक अभ्यासवर्ग चालतो. सुरुवातीस तो दहावी-बारावीच्या मुलांपुरता होता. पुढे पदवीधर मुले येऊ लागली, परिचर्येचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या मुली येऊ लागल्या, आणि सगळ्यांचे गाऱ्हाणे एकच निघाले. इंग्रजी वाचता येते, बऱ्यापैकी लिहिता येते, पण ऐकू येत नाही. आम्ही विषय कळविला तेव्हा व्याख्यानमालेच्या चिटणीसांना थोडे नवल वाटले. युनियनच्या माणसाने वेतनावर बोलावे, बोनसवर बोलावे, कंत्राटी मजुरांवर बोलावे. हे इंग्रजी श्रवणाचे कोठून काढले? तर आमचे उत्तर असे की हाही पगाराचाच प्रश्न आहे. परदेशी शिकायला किंवा कामाला जाण्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते तिची नुसती फी १५ हजारांच्या वर आहे. शिकवणीचे पैसे वेगळे. एका विभागात गुण कमी पडले की बहुधा सारा खर्च पुन्हा पहिल्यापासून. हे पैसे बापाच्या भविष्यनिर्वाह निधीतून येतात, नाही तर आईच्या पाटल्यांतून. आणि आमच्या वर्गात येणाऱ्या मुलांचे गुण कमी पडतात ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी, कानापाशी.

परीक्षा आयेल्ट्स या नावाची. तिचे हे नाव १९८९ पासूनचे. वाचन, लेखन, श्रवण आणि संभाषण असे तिचे चार विभाग असतात. श्रवणात चार भाग, प्रत्येकी १० प्रश्न, एकूण ४०; ऐकणे सुमारे अर्ध्या तासाचे. पहिल्या भागात दोन माणसांचे साधे व्यवहाराचे बोलणे असते, खोली भाड्याने घ्यायची किंवा प्रवासाचे तिकीट काढायचे अशा प्रकारचे. दुसऱ्यात एकच माणूस एखाद्या गावाची किंवा इमारतीची माहिती सांगतो. तिसऱ्यात विद्यार्थी आणि शिक्षक यांची चर्चा, चौथ्यात महाविद्यालयातल्या व्याख्यानाचा तुकडा. इंग्लंडचे, ऑस्ट्रेलियाचे, न्यूझीलंडचे, अमेरिकेचे असे निरनिराळे उच्चार त्यात येतात. आणि मुख्य गोष्ट अशी की ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात. दुसऱ्यांदा नाही. ४० पैकी २३ बरोबर आले की साधारण ६ हा दर्जा मिळतो, ३० आले की ७, ३५ आले की ८. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नाव नोंदवायचे तर लेखनात साडेसहा चालतात, पण वाचन, श्रवण आणि संभाषण यांत प्रत्येकी ७ लागतात. म्हणजे रात्रपाळ्या करून, रुग्णांची सेवा करून, सगळी कागदपत्रे जमवून बसलेली मुलगी ४० पैकी २८ वर अडली, की अडली.

आमच्या वर्गातल्या मुलांचा अनुभव असा की वाचनात सातच्या पुढे जाणारा मुलगा श्रवणात पाचावर थांबतो. शब्द तेच, व्याकरण तेच, मुलगाही तोच. मग मधल्या मध्ये दोन दर्जे जातात कोठे? ते डोळा आणि कान यांच्यामधल्या चार बोटांत जातात.

आमचे स्वतःचे शिक्षण नववीपर्यंतचे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत आमचे वडील होते. पुढे घरात पुस्तकांना पैसा उरला नाही. इंग्रजी शिकलो ते कायद्याच्या पुस्तकांतून, शब्दकोश मांडीवर घेऊन. १९४७ चा औद्योगिक विवादाचा कायदा आम्ही कलमवार वाचला होता, अर्थ सांगू शकत होतो. परंतु मालकांचे वकील त्याच कायद्यावर इंग्रजीतून बोलू लागले की पहिली काही वर्षे आमच्या कानांवर नुसता पाऊस पडे. घरी येऊन कागद पाहिला की त्यातला शब्दन्‌शब्द ओळखीचा. म्हणून ही मुले सांगतात ते आम्हांला लगेच पटले. त्यांची बुद्धी कमी नाही, त्यांचे इंग्रजीही कमी नाही. त्यांनी इंग्रजी पाहिलेले आहे, ऐकलेले नाही.

हे नीट समजण्यासाठी आपण आपल्याच भाषेकडे पाहू. समजा, एखादा परदेशी गृहस्थ पुस्तकावरून मराठी शिकला. ‘तू काय करत आहेस’ हे वाक्य त्याला पाठ आहे. तो आमच्या वस्तीत येतो, आणि एक बाई दुसरीला हाक मारून विचारते, ‘काय करत्येस ग?’ त्याला काय समजणार? ‘आहेस’ गेले कोठे, हे तो शोधीत बसेल, तोवर दोघी धुणे घेऊन नळावर पोचलेल्या असतील. ‘येतोस का’ आपण तोडून म्हणत नाही, ‘येतोस्का’ म्हणतो. ‘नाही आहे’ म्हणत नाही, ‘नाहीये’ म्हणतो. आपल्याला हे जाणवत नाही, कारण आपण ही भाषा अक्षरांच्या आधी कानाने घेतली. इंग्रजीवाला इंग्रजीचे नेमके हेच करतो, आणि आपल्यापेक्षा फार जास्त करतो.

मराठीत प्रत्येक अक्षराला थोडेफार वजन मिळते. इंग्रजी बोलणारा वाक्यातल्या दोन-तीन शब्दांवर जोर देतो आणि बाकीचे चिरडून टाकतो. ‘टू’, ‘ऑफ’, ‘अँड’, ‘हॅव’ हे शब्द पुस्तकात मोठे दिमाखात उभे असतात. बोलण्यात त्यांची पार भुकटी होते. ‘ऑफ’चा नुसता ‘अ’ राहतो, ‘अँड’चा नुसता ‘न्‌’. आमच्या वर्गात एका मुलाने ‘कप ऑफ टी’ ऐकून कागदावर काय लिहावे? ‘कपटी’. सगळे हसले. पण त्याने कानाशी प्रामाणिक राहून जे ऐकले तेच लिहिले होते. साहेब चहा मागताना ‘कपटी’च म्हणतो. त्या मुलाचा कान चांगला होता; त्या ध्वनीमागे तीन शब्द उभे आहेत, एवढेच त्याला कोणी सांगितले नव्हते. आमच्या मते या सगळ्या अभ्यासाचे मर्म त्या एका ‘कपटी’त आहे.

दुसरी अडचण स्वरांची. आपल्या शाळांत शुद्धलेखनाच्या वहीत ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांवर लाल शाईचा पूर येतो, तो का? मुले आळशी म्हणून नव्हे. बोलताना पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी यांत आपला कान फारसा भेद मानीतच नाही. कानाला जे ऐकू येत नाही ते हाताने कसे लिहावे? आता हाच कान घेऊन आपण इंग्रजीकडे जातो, तेथे ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी. ‘लिव्ह’ म्हणजे राहणे, ‘लीव्ह’ म्हणजे सोडून जाणे. भाड्याच्या खोलीबद्दल ऐकताना या दोहोंत गल्लत झाली तर खोलीही गेली आणि गुणही गेला. ‘थर्टी’ आणि ‘थर्टीन’ यांत शेवटचा ‘न’ ऐकण्याची वाट पाहू नये, तो पुष्कळदा विरून जातो. जोर आधीच्या तुकड्यावर आहे की नंतरच्या, ते ऐकावे. शब्दाच्या शेवटी येणारा अनेकवचनाचा ‘स’ आपल्या मुलांच्या कानांतून हमखास निसटतो, आणि उत्तरात तो नसला तर गुण मिळत नाही. शब्द ऐकू आला, पण स्पेलिंग चुकले, तरी नाही. परीक्षक तेथे उदार होत नाही.

येथे कोणी म्हणेल, महाराष्ट्राला ऐकण्याचे धडे कशाला? आपल्याकडे शहाण्या माणसाला ‘बहुश्रुत’ म्हणतात, म्हणजे ज्याने पुष्कळ ऐकले तो. नवविधा भक्तीत पहिले श्रवण. समर्थांनी दासबोधात त्यावर स्वतंत्र समास लिहिला. कीर्तन ऐकून, पोवाडे ऐकून, भारूड ऐकून निरक्षर माणसे शहाणी झाली. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तीही लोकांनी उन्हाळ्याच्या संध्याकाळी जमून ऐकावे म्हणूनच. हे सगळे खरे आहे, आणि त्याचा अभिमानही आहे. पण इंग्रजीच्या बाबतीत आपण आपली ही जुनी रीत अगदी उलटी केली. मराठी कानाने घेतली, इंग्रजी मात्र डोळ्याने. शाळेत मास्तर धडा वाचीत, त्याचे मराठीत भाषांतर करीत, आणि मुले प्रश्नोत्तरे उतरवून घेत. त्या वर्गात इंग्रजी हा आवाज नव्हताच, तो फळ्यावरचा खडू होता. मास्तरांना आम्ही दोष देत नाही, त्यांच्या कानांवर तरी ते कोणी घातले होते?

तर मग सराव कसा करावा? आमच्या वर्गात पुष्कळ दिवसांच्या खटपटीनंतर एक रीत ठरली आहे, ती सांगतो. ती कोणत्याही घरी, कोणत्याही साध्या मोबाइल फोनवर करता येते आणि तिला फी नाही.

एक लहान उतारा घ्यावा, दोन मिनिटांचा पुष्कळ झाला. मोठा घेऊ नये. बाजारात सरावपरीक्षांची जाडजूड पुस्तके मिळतात, आणि मुले रोज एक अशा हिशेबाने ती संपवितात. त्याने आपण किती नापास आहोत हे रोज कळते, याहून अधिक काही होत नाही. तापमापक पुन्हा पुन्हा काखेत धरल्याने ताप उतरत नाही. दोन मिनिटांचा उतारा आधी हात मोकळे ठेवून नुसता ऐकावा. कोण बोलतो आहे, कोणाशी, कशाविषयी, एवढेच पाहावे. मग पुन्हा लावावा, आणि एकेका वाक्यापाशी थांबवून जे ऐकू आले ते जसेच्या तसे लिहावे. समजले नाही तर आवाज लिहावा, देवनागरीत लिहावा, ‘कपटी’ लिहावे. एक वाक्य दहादा ऐकावे लागले तरी चालेल. दोन मिनिटांच्या उताऱ्याला पहिल्या महिन्यात तास लागतो. लागू द्यावा.

त्यानंतर छापील मजकूर उघडावा आणि लाल पेन्सिल घ्यावी. येथे खरे काम आहे. प्रत्येक चुकीपुढे ती कोणत्या जातीची हे लिहावे. शब्दच माहीत नव्हता, ही एक जात. शब्द माहीत होता पण आवाजावरून ओळखला नाही, ही दुसरी. ओळखला पण लिहिताना चुकला, ही तिसरी. आमच्या वर्गात मुले सुरुवातीस ठामपणे सांगत की आमचा शब्दसंग्रह कमी पडतो, आणि शब्दांच्या याद्या पाठ करीत बसत. लाल खुणा मोजल्या तेव्हा सर्वांत जास्त चुका दुसऱ्या जातीच्या निघाल्या. माहीत असलेलेच शब्द, पण आवाजाच्या वेशात ओळखू न आलेले. रोग एका जागी आणि लेप दुसऱ्या जागी, असा प्रकार चालला होता. खुणा झाल्या की ध्वनिमुद्रण लावून त्या माणसाच्या मागोमाग, त्याच्याच चालीने मोठ्याने बोलावे. तोंडाला जे वळण पडते ते कान लवकर ओळखतो. या पायरीला मुले लाजतात. घरातली माणसे हसतात म्हणून लाजतात. मुलाने साहेबासारखे तोंड वाकडे करून बोलावे आणि आजीने भाजी निवडता निवडता पदर तोंडाला लावावा, हे आम्ही पाहिले आहे. आजीला हसू द्यावे.

ऐकायला काय घ्यावे? बी.बी.सी. १९४३ पासून इंग्रजी शिकविण्याचे कार्यक्रम ऐकवीत आली आहे. त्यांचे सहा मिनिटांचे पाठ छापील मजकुरासह फुकट मिळतात, ते चांगले. १९५९ साली व्हॉइस ऑफ अमेरिकेने सुमारे १५०० शब्दांत बसविलेले, मुद्दाम संथ गतीने वाचलेले कार्यक्रम सुरू केले. त्यांची खूप स्तुती होते. पायाला प्लॅस्टर असेतो कुबडी घ्यावी हे आम्हांला मान्य आहे, पण परीक्षेत कोणी संथ बोलत नाही. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्याही ऐकाव्या. मात्र तेथला उच्चार आपल्या ओळखीचा, तेवढ्यावर विसंबू नये.

आणखी एक शिक्षक आपल्या घराघरांत आहे, त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो म्हणजे क्रिकेटचे समालोचन. ज्या मुलाला इंग्रजीची चार वाक्ये ऐकून कळत नाहीत, तो मेलबर्नच्या सामन्याचे ऑस्ट्रेलियन समालोचन ऐकून हसतो, हळहळतो, मधेच ओरडतो. त्याला तेथे कसे कळते? कारण चेंडू टाकला म्हणजे पुढे काय काय होऊ शकते हे त्याला आधीच ठाऊक असते. झेल, चौकार, पायचीत. याबाहेर फारसे काही नाही. त्याचा कान वाट पाहत बसलेला असतो, आणि वाट पाहणाऱ्या कानाला अर्धा शब्द पुरतो. परीक्षेत हेच करायचे. प्रत्येक भागाआधी प्रश्न वाचायला थोडा वेळ देतात. तेवढ्यात मोकळ्या जागेत काय येणार याचा अंदाज बांधावा. येथे आकडा येणार, येथे वार येणार, येथे माणसाचे आडनाव येणार, येथे वस्तू, आणि तिच्याआधी ‘दोन’ असल्यामुळे ती अनेकवचनात. आडनाव असले तर ते अक्षर अक्षर करून सांगतील, एखादे अक्षर जोडीने आले तर ‘डबल’ म्हणतील. फोन नंबरात शून्याला ‘ओ’ म्हणतील. एवढी तयारी करून बसलेला मुलगा एकदाच ऐकून उत्तर टिपतो.

परीक्षेत एक डाव नेहमी टाकतात, तो आम्हांला वाटाघाटींच्या टेबलामुळे चांगला परिचयाचा आहे. बोलणारा म्हणतो, मंगळवारी येतो. मुले चटकन मंगळवार लिहितात. तो पुढे म्हणतो, नाही, मंगळवारी मला काम आहे, गुरुवारी येतो. उत्तर गुरुवार. मालकही असाच आधी एक आकडा उच्चारतो, कामगारांचे चेहरे फुलतात, आणि मग तो ‘परंतु’ म्हणतो. आम्ही आमच्या कार्यकर्त्यांना सांगत असतो की ‘परंतु’ येईपर्यंत टाळी वाजवू नका. मुलांनाही तेच सांगतो, वाक्य संपेपर्यंत पेन्सिल टेकवू नका. आणि एखादे उत्तर हुकलेच तर त्याचा शोक करीत बसू नये. गाडी सुटली. फलाटावर उभे राहून तिच्याकडे बघत राहिले तर पुढचीही जाते.

ही सगळी तालीम फुकटची आहे, असे आम्ही म्हणालो. एक वस्तू मात्र फुकट नाही, आणि ती म्हणजे शांतता. १० बाय १२ ची खोली, तीत सहा माणसे. कुकरची शिट्टी, शेजारचा टी.व्ही., गॅलरीतले भांडण, खाली चाललेली मिरवणूक. वाचन त्या गोंगाटात होते. दिव्याखाली मान खाली घालून आमच्यासारख्या कित्येकांनी ते केले आहे, कारण डोळा फिरवून पुन्हा त्याच ओळीवर आणता येतो. आवाज परत येत नाही. ‘ऑफ’चा तो नुसता ‘अ’ कुकरच्या शिट्टीखाली गेला तर गेलाच. कानांत घालायची यंत्रे आहेत, पण त्यांतून गोंगाट अडवायचा तर आवाज वाढवावा लागतो, आणि वाढवलेल्या आवाजाने कानाचे काय होते हे आमच्या घरात आम्ही पाहिले आहे. वडील साचेखात्यात होते. शेकडो साचे एकदम चालू झाल्यावर तेथे माणसाचा आवाज माणसाला पोचत नसे. कामगार हातांच्या खुणांनी आणि ओठांवरून बोलत. चाळिशी ओलांडल्यावर वडिलांना हाक ऐकू येईना. गोंगाटाने येणारा बहिरेपणा १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात धंद्यातला रोग म्हणून घातला गेला होता, पण आमच्या वडिलांना त्यापोटी एक पै मिळाली नाही. ज्या घरातल्या बापाचा कान साच्यांनी खाल्ला, त्या घरातल्या नातवाला आता कानाच्या परीक्षेस बसायचे आहे. श्रीमंताच्या मुलाला दार लावता येते. एवढाच फरक आहे, आणि तो दर्जांमध्ये मोजला जातो.

आमचे काही जुने सहकारी आमच्यावर रागावतात. म्हणतात, साहेबाच्या परीक्षेची तालीम युनियनच्या कचेरीत? हा आक्षेप हलका नाही. कानाने परीक्षा घेऊन माणसाला दारातून परत पाठविण्याचा इतिहास फार वाईट आहे. ऑस्ट्रेलियाने १९०१ साली कायदा केला की येणाऱ्या माणसाला ५० शब्दांचा उतारा एखाद्या युरोपीय भाषेत तोंडी सांगावा आणि त्याने तो लिहून दाखवावा. भाषा कोणती ते अधिकारी ठरवी. आशियातल्या माणसाला येत नसलेली भाषा निवडायची, म्हणजे तो नापास. १९०९ नंतर त्या परीक्षेत कोणी उत्तीर्णच झाले नाही. १९३४ साली प्रागचा लेखक एगॉन किश फॅसिझमविरुद्ध भाषणे करायला तेथे गेला. त्याला अनेक युरोपीय भाषा येत, म्हणून त्याला स्कॉटलंडच्या गेलिक भाषेत परीक्षा दिली! तेथल्या उच्च न्यायालयाने अखेर म्हटले की कायद्याच्या अर्थाने ही युरोपीय भाषाच नव्हे. ती परीक्षा १९५८ साली रद्द झाली. आणि हे सांगताना आम्हांला खाली पाहावे लागते की त्या गोऱ्या धोरणामागे ऑस्ट्रेलियातल्या कामगार संघटना मोठ्या संख्येने उभ्या होत्या.

पण ती परीक्षा आणि ही परीक्षा यांत एक मोठा भेद आहे. त्या परीक्षेची तयारी करता येत नव्हती. ती नापास करण्यासाठीच घेत. हिचे नियम छापलेले आहेत, हिची भाषा आधी ठाऊक आहे, तालमीने हिच्यात पुढे सरकता येते. ही परीक्षा महाग आहे, तिचा निकाल दोनच वर्षे धरला जातो, आणि ज्यांच्याकडे परिचारिका कमी आहेत त्यांनीच आमच्या मुलींकडून एवढे पैसे का घ्यावेत, हा प्रश्न आम्ही विचारतो आणि विचारीत राहू. तो सुटेपर्यंत मुलींनी घरी बसावे काय? पगारवाढीचा लढा चालू असताना आहे तो पगार आपण नाकारीत नाही. शिवाय जी मुलगी परदेशी रुग्णालयात जाणार, तिला रात्री तीन वाजता एखादा म्हातारा अर्धवट शब्दांत काय दुखते ते सांगणार आहे. तोही एकदाच सांगेल. तिने ते नीट ऐकले पाहिजे, हे कोणत्या तत्त्वाविरुद्ध आहे?

एकत्र बसून ऐकण्याची गोष्ट या मुलखाला नवी नाही. १९५६ साली फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे निघाली. एकेका मंडळात वीसेक माणसे, त्यांतला एक चिटणीस. आठवड्यातून दोनदा रेडिओवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. ऐकून झाल्यावर मंडळी उठून जात नसत. जे ऐकले त्यावर तेथेच बोलत, प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवीत, आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तरे मिळत. मूळ कल्पना कॅनडातली, तेथे १९४१ पासून चाललेली. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली आणि मंडळे असलेल्या गावांची तुलना नसलेल्या गावांशी केली. मंडळातल्या लोकांचे ज्ञान ठळकपणे वाढलेले आढळले. एकट्याने ऐकणे आणि मिळून ऐकणे यांतला हा फरक आम्ही आमच्या वर्गातही पाहतो. एकाला ‘कपटी’ ऐकू येते, दुसरीला ‘कप’ आणि ‘टी’ वेगळे ऐकू येतात, तिसरा म्हणतो मध्ये काहीतरी आहे. तिघे भांडतात, ध्वनिमुद्रण पुन्हा लावतात, आणि मधला ‘अ’ सापडतो. तो सापडल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसते ते एकट्या मुलाच्या चेहऱ्यावर आम्ही क्वचितच पाहिले.

आता घड्याळ आमच्याविरुद्ध गेले आहे, म्हणून मागणी सांगून थांबतो. मागणीवाचून बोलण्याची आम्हांला सवय नाही. आमच्या कार्यालयात एक खोली आहे, तीत वीस मुले बसतात. बाहेर रस्ता आहे, आणि सहा ते आठ या वेळात तेथे बसगाड्या वळतात. नळाला पाणी येते तेही त्याच वेळी. या शहरात ग्रंथालये आहेत, शाळा आहेत, देवळांची सभागृहे आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळ खोल्या संध्याकाळी कुलुपात असतात. त्यांपैकी रस्त्यापासून आत असलेली एक खोली, आठवड्यातून तीन दिवस, दोन तास आम्हांला हवी आहे. बाके नसली तरी चालतील, सतरंज्या आमच्याकडे आहेत. वीजबिल युनियन भरील. खिडक्यांची तावदाने तेवढी शाबूत असावीत, आणि पंख्याचा आवाज होत असेल तर ते आधी सांगावे. मे महिन्यातही आम्ही तो बंद ठेवू.